सारवलेल्या घरातला पूर

मी विमा विकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत अजूनही निम्मे लोक मला विमा एजंट समजतात आणि मी समोरून येताना दिसलो की मोबाइल कानाला लावतात. खेड्यात याच्या उलट. तिथं ‘सर्वेअर आलाय’ असं कळलं की लोक मला जमीनमोजणीवाला समजून बांधाच्या तक्रारी घेऊन यायचे. एकदा दोन भावांनी मला शेतात नेऊन उभं केलं आणि ‘आता सांगा, ह्यो आंबा कुणाचा?’ म्हणून विचारलं. आंबा छान आहे एवढंच सांगून मी परत फिरलो.

माझं काम साधं होतं. विमा उतरवलेल्या घराचं पुरात, आगीत, वादळात नुकसान झालं की ते बघायला कंपनी मला पाठवायची. काय पडलं, कशानं पडलं, ते पुन्हा उभं करायला काय लागेल, हे बघायचं आणि कळवायचं. पैसे द्यायचे की नाही हे कंपनीच्या हातात, शिव्या मात्र माझ्या वाट्याला. बेळगाव ते निपाणी हा माझा पट्टा, आणि त्यातही वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं माझ्या पाचवीलाच पुजलेली. आता निवृत्त झालोय, गुडघे कुरकुरतात, पण ऑगस्ट लागला की कान अजून नदीकडे जातात.

आमच्याकडचा पूर बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. त्याला वाटतं, धो धो पाऊस, लोंढा, वाहून जाणारी गुरं. तसं क्वचितच होतं. आमच्याकडे पाऊस थांबतो, ऊन पडतं, लोक वाळवण बाहेर काढतात आणि तेव्हाच पाणी चढायला लागतं. खाली कृष्णा तुडुंब भरलेली असली की दूधगंगेला आपलं पाणी टाकायला जागा राहत नाही. मग ती फुगते, आणि तिच्यामुळे वेदगंगा फुगते. आवाज नाही, जोर नाही. उसातून, ओढ्यातून, मागच्या दारातून पाणी येतं आणि पाव्हण्यासारखं बसून राहतं.

नुकसान करतं ते हे बसून राहणंच. भिंत पाणी पिते. पाणी आत-बाहेर सारखं उभं असतं तोवर भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकू असतो. ते ओसरलं की भिजून जड झालेली भिंत एकटी उरते, आणि लख्ख उन्हात, सगळे सुटलो म्हणत असताना, ती बसते. पुरात माणसं पोहून वाचतात आणि पूर गेल्यावर भिंतीखाली सापडतात. मी हे गावोगाव सांगत आलो. लोक मान डोलावून चहा ठेवायला आत जायचे, त्याच भिंतीपाशी.

गावाची स्वतःची एक खूण असते. कुठे मारुतीच्या देवळाची पायरी, कुठे पाराचा दगड. ‘ह्येच्या वर पाणी कवा आलं न्हाय’ असं छातीठोकपणे सांगतात. मी त्या खुणेला कधी हसलो नाही. आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी बघून ठेवलेली ती खूण. पण मधल्या काळात रस्त्याचे भराव उंच झाले, ओढे बुजले, जुन्या गावठाणात जागा उरली नाही म्हणून नवी घरं खाली मळ्याच्या बाजूला सरकली. पायरी होती तिथेच राहिली आणि घरं तिच्याखाली गेली, हे मात्र कुणी बोललं नाही.

विम्याचंही असंच अर्धं कळलेलं. घरासाठी कर्ज काढलं की बँक घराचा विमा उतरवायला लावते. घरमालकाला वाटतं, तो बँकेचा विमा, आपला काय संबंध? दुसऱ्याला वाटतं, आता घरातली चमचा-वाटीसुद्धा विम्यात आली. दोन्ही चूक. विमा तुमच्याच घराचा असतो, पण बहुतेक वेळा नुसत्या भिंती-छपराचा. टीव्ही, तिजोरी, धान्य, शिलाई मशीन यांचा वेगळा सांगून उतरवावा लागतो. पूर त्यात आहे की नाही हे वाचून घ्यावं लागतं. आणि तो दरवर्षी नव्यानं घ्यावा लागतो, हे तर कर्ज फिटल्या दिवशीच लोक विसरतात. बेळगावच्याच शहापुरात एका विणकर आप्पांच्या घरात गटारीचं पाणी शिरलं. हातमागावर पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा काठोकाठ भरलेला, त्यात अर्धी विणलेली साडी तरंगत होती. घराचा विमा होता, मागाचा नव्हता. आप्पा म्हणाले, “सायेब, घर मागामुळं हाय. मागाला सोडून घर कसलं?” त्यांचं बरोबर होतं. माझ्या हातात काही नव्हतं.

गमतीजमतीही होत्या. एका तरुण घरमालकानं पुराचे भरपूर फोटो काढून ठेवले होते. मी खूश झालो. बघतो तर प्रत्येक फोटोत हा गडी मधोमध हसत उभा आणि मागची भिंत झाकलेली. “अहो, पाणी कुठपर्यंत होतं ते दिसेना की यात,” मी म्हणालो. “माज्या कमरेवर हुतं बगा,” तो म्हणाला. शेवटी टेप घेऊन त्याचीच कंबर मोजली.

पण माझ्या नाकी नऊ आणले ते खोटं बोलणाऱ्यांनी नाही. ते आणले स्वच्छ माणसांनी. आमच्याकडे पूर ओसरतो तो गणपतीच्या तोंडावर. घरात नदीचा गाळ, वास, किडे, आणि देव दारात आलेले. बायका पदर खोचून कामाला लागतात. गाळ उपसतात, भिंती धुतात, सारवतात, चुना मारतात. मी पोचेपर्यंत घर असं लख्ख, की पूर शेजारच्या तालुक्यात आला असावा. भिंतीवरची गाळाची रेघ, जी माझ्या लेखी सगळ्यात मोठी साक्षीदार, ती घासून पुसून गेलेली. आधी फोटो, मग खराटा, असं मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. “देव का फोटूसाठी थांबत्यात व्हय?” असं उत्तर यायचं.

सुमनआक्कांकडे गेलो तो अशाच एका साली. पूर मोठा होता, देवळाच्या पायरीच्या फार वर पाणी गेलं होतं. आक्का निपाणीजवळच्या एका गावात विड्या वळायच्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. तंबाखूच्या धुरळ्यात उमर घालवून, बँकेचं कर्ज काढून त्यांनी स्वतःच्या नावावर घर केलं होतं. पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या, मागची एक जुनी, भाजलेल्या विटांची पण मातीत जोडलेली. विटा भाजलेल्या होत्या म्हणून ते घर विम्यात बसलं. कच्च्या मातीची घरं बहुतेक पॉलिसींत बसतच नाहीत. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच दार बंद, ही आमच्या धंद्यातली मला कायम बोचलेली गोष्ट.

मी गेलो तो दिवस गौरीपूजनाचा. आदल्या दिवशी बायका नदीवर जाऊन तेरड्याचे डहाळे घेऊन आल्या होत्या. त्या भागात तीच गौर, तिला गवर म्हणतात. ज्या नदीनं घर बुडवलं तिच्याच काठावरून गाणी म्हणत गवर आणायची, याचं मला नवल वाटलं. आक्कांना नाही. नदीवरनं नाही आणायची तर कुठनं आणायची, असा त्यांचा सवाल.

घर चकाचक होतं. अंगणात रांगोळी, आत ताजं सारवण, भिंतींवर ओला चुना. मागच्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून चौरंग मांडलेला आणि त्यावर हिरव्या साडीत गवर. शेजारी आक्कांची लेक सविता बाळाला झोळीत झोका देत होती. सणाला माहेरी आली होती.

मी विचारलं, “आक्का, पाणी कुठपर्यंत आलतं?”

“आलतं की. लई आलतं.” त्या हसून म्हणाल्या. “पर बगा, आता कसं झालंय! कर्ज देताना बँकेचा सायेब घर बगायला आलता, तवाबी मी आसंच सारवून ठेवलंतं. ‘आक्का, घर एक नंबर’ म्हणून गेला. मग तुमीबी येनार म्हटल्यावर आळस करून कसं चालंल?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आक्कांनी ते घर गवरीसाठी सारवलं होतं तसंच माझ्यासाठीही. मुलगी बघायला पाव्हणे यावेत तसा मी घर बघायला येणार आणि घर नीटनेटकं दिसलं तर पसंत करणार, असा त्यांचा हिशेब होता. नुकसान बघायला आलेल्या माणसापासून त्यांनी नुकसान झाकून ठेवलं होतं.

पाण्याची खूण शोधणं फारसं अवघड नव्हतं. विजेच्या बोर्डाची पेटी उघडली तर आत गाळ. दाराच्या चौकटीमागच्या फटीत गाळ. पेटी कुणी धूत नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं. माझं काम झालं होतं. पण मागच्या भिंतीचा चुना मला बरा दिसेना. एका कोपऱ्यात, वरपासून खालपर्यंत, सारवण जरा जास्त जाड होतं. बोटानं दाबलं तर बोट आत गेलं.

“हितं काय झालंतं, आक्का?”

“काय न्हाय वो. जरा चीर हुती. बुजवली.”

“जरा म्हणजे किती?”

सविता झोळीजवळून म्हणाली, “हात जाईल येवढी हुती, सायेब.” आक्कांनी तिच्याकडे डोळे वटारले.

मी पिशवीतून ओळंबा काढला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधतात ना, तोच. वरून सोडला. दोरी वरती भिंतीला चिकटून आणि खाली पाहावं तर वजन भिंतीपासून चांगलं वीतभर लांब. सवयीनं तसाच फोटो काढला. भिंत आत, चौरंगाच्या बाजूला झुकली होती. त्यात पुन्हा ओल्या सारवणानं तिला आणखी पाणी पाजलं होतं.

“आक्का, ही भिंत पडणार. आजच्या आज बाहेर पडा. बाळाची झोळी तर आत्ता सोडा.”

झोळी सोडायला त्या लगेच तयार झाल्या. सविताला बाळ घेऊन पुढच्या खोलीत पाठवलं. पण स्वतः हलेनात. “गवर पुजली आज. पुजलेली गवर इसर्जनापातूर हलवत न्हाईत. आनि तिला एकटी ठेवून मी कशी जाऊ? आज रातीला हितंच निजनार, तिच्या पायाशी.”

मी समजावलं. मग चिडलो. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि भीती वाटली की मी ओरडतो. “देवी वाचवायला येणार नाही, आक्का! भिंतीला काही कळत नाही सण-बिण!” असं काहीतरी बोलून गेलो. आक्का रागावल्या नाहीत. मला पाण्याचा तांब्या दिला, माझं पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “सायेब, तुमचं खरं आसंल. पर पूर आला तवा घर सोडलं, तर मागनं सगळं बुडालं. आता गवर बसल्यावर बी सोडू? ह्या घरात माझं म्हनून ऱ्हायलंय काय?”

ओळंब्याची दोरी गुंडाळत मी दारात उभा राहिलो. हात टेकले म्हणतात तसे टेकले. सर्वेअरला कुणाला घरातून बाहेर काढायचा अधिकार नसतो. पंचायतीत फोन लावला, तिथे सणाची सुट्टी.

माझा आवाज गल्लीभर गेलेला असणार. वरच्या अंगाला, उंचावर घर असलेल्या तानूबाई काठी टेकत आल्या. गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, गवरीकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघायची गरज त्यांना वाटली नाही.

“सुमन, गवर तुजी कोन?”

“माहेरवाशीन.”

“मग माहेरवाशिनीला शेजारनी जेवाय बोलवत न्हाईत व्हय गं? तुजी सविता आली तर काल माज्याकडं जेवून गेली न्हवं? आज तुज्या गवरीला माजं बोलावनं हाय. पोळ्या करतीया माजी सून. आनि पाव्हनीला एकटी कुनी धाडत न्हाय. घरची मानसं संगं येत्यात.”

आक्कांनी डोक्यावर पदर घेतला, गवरीला हळदकुंकू लावलं आणि “चल गं बाई, मावशीकडं जाऊन येऊ,” असं म्हणून तिला दोन्ही हातांनी उचललं. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या, गाणं सुरू झालं. गवर पुढे, आक्का मागे, सविता बाळ घेऊन त्यांच्यामागे, आणि पाटावर नैवेद्याचं ताट घेऊन मी. कुणीतरी माझ्या हातात दिलं होतं. इतकी वर्षं गावोगाव फिरलो, पण एवढ्या मानाचं काम कुणी दिलं नव्हतं.

विम्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला राहणार नाही. पाणी ओसरल्यावर, कोरड्या दिवशी पडलेली भिंत पुरानं पडली असं कसं म्हणायचं, असं कंपनीतल्या एका साहेबांनी विचारलं. पुरानं भिजली म्हणूनच पडली, एरवी पडली नसती, असं मी ओळंब्याच्या फोटोसकट समजावलं. त्यांनी ऐकलं. आक्कांची मागची खोली पुढे सिमेंटमध्ये उभी राहिली.

भिंत पडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्याच गावात एका दुसऱ्या घराचं छप्पर बघत होतो. ऊन छान पडलं होतं. आवाज मोठा नव्हता, पोतं पडावं तसा धप्प झाला आणि पाठोपाठ पत्र्याचा खडखडाट. कुणाचं घर ते मला विचारावं लागलं नाही. मी धावलो. माझ्या वयाला न शोभेल असा धावलो.

मागच्या खोलीत आभाळ दिसत होतं. विटांचा ढीग आत पडला होता, चौरंग त्याखाली, आणि झोळी सोडल्यावरही तिचा जो दोर आढ्याला राहिला होता तो आढ्यासकट खाली आला होता. रात्री गवरीपाशी तानूबाईंकडेच निजलेल्या आक्का तिथून पळत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. त्या ढिगाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. घर बुडालं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, असं मागून सविता सांगत होती.

“ल्येकरू हितंच निजत हुतं वो,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “ल्येकरू हितंच निजत हुतं.”

तानूबाईंच्या घरातून बाळाचा रडण्याचा आवाज आला. कशानं तरी जागं झालं असावं. आम्ही सगळेच तो आवाज ऐकत थांबलो. माझेही डोळे भरून आले, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

थोड्या वेळानं आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं.

“सायेब,” त्या म्हणाल्या, “आता बगा घर. आता न्हाय काय झाकत.”

मी टेप पिशवीतच ठेवली आणि त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो. घर नंतर बघितलं.